कोयासानच्या डोंगरावरील पालकाची भाजी

जपानच्या वाकायामा प्रांतात कोयासान नावाचे डोंगरावरचे गाव आहे. आपल्या समाजात या गावाचे नाव अलीकडे ऐकू येते ते एका कारणाने. तेथील कोयासान विद्यापीठाच्या आवारात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. जपानी बौद्धांशी आपले नाते त्याहून जुने आहे. १९६० च्या दशकात जपानहून येऊन नागपूरला राहिलेले आणि १९९२ मध्ये महाबोधी विहाराच्या मुक्तीसाठी आंदोलन उभारणारे भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई आपल्या परिचयाचे आहेत. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ मध्ये जपानी उपासिकेच्या दानातून उभे राहिले, हेही वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा आम्ही काही धम्मबांधव आणि भगिनी पैसे साठवून जपानला गेलो, त्यात कोयासान असणारच होते.

पुतळ्याविषयी आणि विद्यापीठाविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मी येथे लिहिणार आहे ते त्या डोंगरावर मिळालेल्या एका वाटीभर भाजीविषयी. विषय लहान वाटेल. परंतु कुणी काय खावे, कुणाच्या हातचे खावे आणि कुणी दाराबाहेर बसून खावे या प्रश्नांवर आपल्या पूर्वजांच्या कित्येक पिढ्या भरडल्या गेल्या. त्यामुळे आपल्यासाठी जेवणाचा विषय कधीच लहान नसतो.

ओसाका शहरातील नाम्बा स्थानकावरून नानकाई कंपनीची गाडी निघते. शेवटी शेवटी ती इतक्या वळणांनी चढते की माथेरानची आठवण यावी. गोकुराकुबाशी हे शेवटचे स्थानक. तेथून दोरखंडाने ओढली जाणारी केबल कार पाच मिनिटांत वर नेते आणि पुढे बस. गाव समुद्रसपाटीपासून आठशे मीटरहून उंच, भोवती डोंगरांचे कडे आणि उंचच उंच सुरूसारखी झाडे. कुकाई नावाच्या भिक्षूला इ.स. ८१६ मध्ये सम्राटाकडून ही जागा मिळाली. आज येथे शंभराहून अधिक विहार आहेत आणि त्यांपैकी पन्नासएक विहारांत प्रवाशांना मुक्काम करता येतो. हा पंथ शिंगोन, म्हणजे मंत्रयानी. मंत्र, होम, मुद्रा हे सारे तेथे आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला त्यातले बरेचसे परके वाटते, मलाही वाटले. पण परके वाटले म्हणून पाहायचेच नाही असे नाही.

संध्याकाळी साडेपाचलाच जेवणाचे बोलावणे आले. चटयांची स्वच्छ खोली, बसायला गाद्या, आणि प्रत्येकासमोर लाखेच्या रंगाचे बुटके चौरंग. प्रत्येक चौरंगावर सहा-सात छोट्या वाट्या. आमच्यात मराठवाड्यातले एक सेवानिवृत्त बांधव होते. ते चौरंगाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वेगळं भांडं दिसलं की मला अजून आमच्या गावच्या हॉटेलातली कपबशी दिसते. बाहेर वळचणीला ठेवलेली. आपणच धुवायची, आपणच ठेवायची." थोड्या वेळाने त्यांनीच पुढे म्हटले, "पण हितं सगळ्यांचंच वेगळं हाय, अन् सगळ्यांचं सारखं हाय." मग ते जेवायला लागले.

वाट्यांत काय काय होते? तिळाच्या दुधात कुडझू नावाच्या कंदाचे पीठ शिजवून केलेली मऊ वडी, जिला गोमादोफु म्हणतात. थंडीत गोठवून वाळवलेले सोयाबीनचे पनीर, ज्याला या डोंगरावरूनच कोयादोफु असे नाव पडले. भाज्यांची भजी, लोणचे, भात, सार. आणि एका वाटीत चार बोटे उंचीची हिरवीगार पालकाची जुडी, तिला तिळाचे वाटण लावलेले. फोडणी नाही, हळद नाही, तिखटाचे नाव नाही. आमच्या एका भगिनीच्या पिशवीत लसणाच्या चटणीचा डबा होता. तिने एकदा पिशवीकडे पाहिले, एकदा वाटीकडे, आणि भाजी चाखली. नंतर डबा काढायचे तिला सुचले नाही. गोडसर, खारट, खमंग, आणि पालकाची चव पालकाचीच. त्या भाजीला होरेन्सो नो गोमा-आए म्हणतात. होरेन्सो म्हणजे पालक, गोमा म्हणजे तीळ, आए म्हणजे कालवलेले.

वाढणाऱ्या तरुण भिक्षूला आम्ही कृती विचारली. त्याला ती विचारण्यासारखी गोष्टच वाटली नाही. जपानमध्ये ही भाजी घरोघरी होते, शाळकरी मुलांच्या डब्यात असते. तरी त्याने हातवारे करून समजावले. परत आल्यावर मी ती अनेकदा केली आहे. आपल्या बाजारातल्या जिनसांतून ती अगदी व्यवस्थित होते.

चार माणसांसाठी पालकाची एक मोठी जुडी घ्यावी, निवडून पाव किलोच्या वर भरली पाहिजे. देठ फेकू नयेत, फक्त मुळाकडचा मातकट भाग काढावा आणि तीन-चार पाण्यांतून धुवावी. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळू द्यावे, चिमूटभर मीठ घालावे. जुडी पानांकडून धरून आधी देठ पाण्यात सोडावेत, अर्ध्या मिनिटाने पाने आत ढकलावीत, आणखी अर्ध्या मिनिटात सगळी बाहेर काढून थंड पाण्यात बुडवावी. एवढेच शिजवणे. आपल्याकडे पालेभाजी काळपट होईतो शिजवण्याची सवय आहे, ती येथे सोडावी लागते. थंड पाण्याने रंग टिकतो, आणि पालक खाल्ल्यावर दातांवर जी खरखर जाणवते ती ज्या ऑक्झॅलिक आम्लामुळे असते त्यातला बराच भाग उकळत्या पाण्यात उतरून जातो. म्हणून ते पाणी आमटीत वापरू नये.

नंतर देठाला देठ जुळवून भाजी दोन्ही हातांनी पिळावी. हे काम घाईने करू नये. पाणी राहिले तर वाटण पातळ होऊन सारी चव वाहून जाते. पिळलेली जुडी पाटावर आडवी ठेवून दीड-दोन इंचांचे तुकडे करावेत.

आता तीळ. तीन मोठे चमचे पांढरे तीळ घ्यावेत. पॉलिशच्या चकचकीत तिळांपेक्षा सालीचे गावरान तीळ अधिक खमंग लागतात. मंद आचेवर कोरडे भाजावेत. दोन-चार तीळ तडतडून उडाले की उतरवावेत, कारण जळका तीळ कडू होतो. गरम असतानाच वाटावेत. जपानी घरांत त्यासाठी सुरिबाची नावाचे मातीचे कुंडे असते, आतून बारीक रेघा पाडलेले, आणि लाकडी दांडा. आपला खलबत्ता किंवा पाटा चालतो. अर्धे तीळ बारीक, अर्धे भरड राहावेत. मिक्सर असेल तर दोन झटके पुरे. अधिक फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. त्यात दोन लहान चमचे साखर आणि एक मोठा चमचा सोया सॉस घालावा. चायनीजच्या गाडीवर मिळतो तो काळा दाट सोया सॉस घेऊ नये, त्याने भाजी काळी आणि कडवट होते. पातळ, तांबूस, मुरवून केलेला सॉस आता मोठ्या दुकानांत मिळतो. हे वाटण ताटे मांडल्यावरच पालकाला हलक्या हाताने लावावे.

पालक नसेल तर फरसबी घ्या, जपानीही घेतात. मी चवळीच्या कोवळ्या पाल्यावर करून पाहिले, ते पालकाहून सरस लागले असे माझे मत आहे. तीळ म्हटले की काही घरांत संक्रांतीची आठवण होऊन नाक मुरडले जाते. बांधवांनो, तीळ शेतकऱ्याच्या शेतात पिकतो, तो कोणत्या सणाची मालमत्ता नव्हे.

जाता जाता एक गंमत सांगतो. जपानी भाषेत 'तीळ वाटणे' याचा दुसरा अर्थ वरिष्ठांची खुशामत करणे असा होतो, आपल्याकडे लोणी लावतात तसे. कारकुनी करणाऱ्या माणसाला हे कळल्यावर खलबत्ता हातात घेताना हसू येते.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळतो. ही भाजी मी आमच्या वस्तीत पहिल्यांदा केली तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने सरळ विचारले, "दादा, त्या विहारात मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूण नाही. मग सोवळं दुसरं काय असतं? बामणाच्या घरातून निघून आपण पुन्हा तिथंच जायचं का?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही.

विहारातील या जेवणाला शोजिन र्‍योरी म्हणतात. र्‍योरी म्हणजे स्वयंपाक. शोजिन हा शब्द चिनी बौद्ध ग्रंथांतून जपानमध्ये गेला आणि तो ज्या शब्दाचे भाषांतर आहे तो आपल्या रोजच्या परिचयाचा आहे : विरिय. दहा पारमितांतील विरिय पारमिता. म्हणजे शब्दाच्या मुळाशी शाकाहार नाही, पवित्र-अपवित्र नाही; प्रयत्न आहे, चिकाटी आहे. तीळ भाजताना नजर न हटवणे, भाजी शेवटच्या थेंबापर्यंत पिळणे, देठ वाया न घालवणे, हे त्यातले विरिय. मांसत्याग हा अर्थ त्याला पुढे चिकटला. तथागतांनी स्वतः भिक्षूंवर शाकाहाराची सक्ती केली नव्हती. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, असे मांस भिक्षूला वर्ज्य नव्हते. मांस-मासे कायमचे बंद करावेत अशी मागणी करणारा देवदत्त होता, आणि तथागतांनी ती नाकारली. विनयपिटकात हे आहे.

परंतु शब्दाचे मूळ शुद्ध म्हणून इतिहास शुद्ध होत नाही. जपानमध्ये सम्राट तेन्मू याने इ.स. ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली. पुढील शतकांत मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे, खाटीककाम करणारे लोक अपवित्र ठरले, त्यांच्या वस्त्या गावाबाहेर गेल्या. तेच आजचे बुराकू लोक. कायद्याने ही अस्पृश्यता १८७१ मध्ये रद्द झाली, पण लग्नाच्या वेळी आणि नोकरीच्या वेळी गाव विचारणे थांबले नाही. हे वाचताना बाबासाहेबांच्या १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाची आठवण होणार नाही असा आपला वाचक विरळा. आणि या लोकांचे खाणे? ओसाका भागातील बुराकू वस्त्यांत घोड्याचे किंवा गाईचे मांस वाळवून ठेवतात, त्याला साइबोशी म्हणतात. आपल्या आज्या-पणज्या दोरीवर वाळत घालीत त्या चान्यांची ही सख्खी बहीण.

कोयासानच्या टोकाला ओकुनोइन नावाची दफनभूमी आहे. दोन किलोमीटरची वाट, जुनी प्रचंड झाडे आणि दोन लाखांहून अधिक समाध्या. तिच्या शेवटी कुकाईचे समाधिस्थान. इ.स. ८३५ पासून तो ध्यानस्थ बसला आहे अशी श्रद्धा असल्याने भिक्षू रोज दोन वेळा लाकडी पेटीतून त्याला जेवण नेतात. पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेले आम्ही बाजूला उभे राहून ती पेटी जाताना पाहत होतो. मला तेथे आठवले ते वेगळेच. जपानमध्ये मृत्यूनंतर विहाराकडून माणसाला नवे धम्मनाव मिळते आणि ते समाधीवर कोरतात. अनेक ठिकाणच्या विहारांनी बुराकू मृतांना जनावर, कातडे, हीन अशा अर्थाची अक्षरे असलेली नावे दिली होती. मेल्यावरही जात दगडात कोरून ठेवली. १९८० च्या दशकात जपानी बौद्ध पंथांना हे उघडपणे मान्य करून नावे बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. ते काम आपोआप झाले नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोच्या ओकाझाकी भागात बुराकू लोकांनी आपली संघटना स्थापली, तिचे नाव सुइहेइशा. सुइहेइ म्हणजे पाण्याची सपाट पातळी. तशी समान पातळी माणसामाणसांत यावी म्हणून हे नाव. तिचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा नारा प्रांतातील बुराकू वस्तीतल्या विहाराचाच मुलगा होता. आपल्या महाडच्या पाण्याचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी झाला.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितले ते असे. भाजी घ्यायची, सोवळे तेथेच ठेवायचे. जपानच्या घरांत ही वाटी भाजलेल्या माशाशेजारी असते. आपल्या घरी ती सुकटीच्या कालवणाशेजारी ठेवा, वशाटाच्या जेवणात ठेवा, नुसत्या भाकरीबरोबर खा. ज्याला शाकाहार पाळायचा त्याने खुशाल पाळावा, पण न पाळणाऱ्याला कमी लेखू नये. मात्र जपानला जाणाऱ्या शाकाहारी बांधवांना एक सूचना : विहाराबाहेर हॉटेलात मिळणाऱ्या साध्या भाजीतही बहुधा माशाचा रस असतो, विचारून घ्यावे.

दुसरी एक गोष्ट मला या भाजीहून महत्त्वाची वाटते. गावात शिरताना बसच्या वाटेवर न्योनिन-दो नावाचा लाकडी मंडप लागतो. अर्थ आहे स्त्रियांचा मंडप. कोयासानवर स्त्रियांना प्रवेश नव्हता. सात वाटांवर असे सात मंडप होते, आज हा एकच उरला आहे. दूरदूरून आलेल्या स्त्रिया येथवर येत, रात्र काढीत, डोंगराच्या कडेकडेने फिरून आतल्या विहारांच्या दिशेने हात जोडीत आणि परत जात. दाराबाहेर थांबणे म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, काळाराम मंदिराच्या दाराशी आपली माणसे १९३० पासून उभी होती. सरकारने ही बंदी १८७२ मध्ये उठवली. त्याच वर्षी भिक्षूंना लग्नाची आणि मांसाहाराची मोकळीक मिळाली आणि खुद्द सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. डोंगरावर स्त्रिया प्रत्यक्ष राहू लागायला मात्र आणखी काही दशके गेली. आमच्या भगिनी त्या मंडपात बराच वेळ बसल्या.

या अन्यायाची एक उलटी बाजू आहे. हजार वर्षांहून अधिक काळ या डोंगरावर चूल पेटवणारे, भाजी निवडणारे, तीळ वाटणारे हात पुरुषांचे होते. आणि ते हलके काम मानले जात नव्हते. दोगेन नावाचा झेन आचार्य होऊन गेला. त्याचा पंथ वेगळा, पण स्वयंपाकाविषयी त्याच्याइतके कुणी लिहिले नाही. १२३७ मध्ये त्याने विहारातील आचाऱ्याला उद्देशून एक ग्रंथच लिहिला. चीनमध्ये शिकत असताना त्याला एक अडुसष्ट वर्षांचा भिक्षू भर उन्हात, डोक्यावर काही न घेता, अळंबी वाळत घालताना दिसला. तो विहाराचा आचारी होता. हे काम दुसऱ्या कुणाकडून का करून घेत नाही, असे दोगेनने विचारले. दुसरा म्हणजे मी नव्हे, असे उत्तर मिळाले. झेन विहारात आचारी हा सहा प्रमुख अधिकाऱ्यांपैकी एक असतो.

आता आपल्या विहारांकडे पाहू. वर्षावासात ग्रंथवाचन असते, पौर्णिमेला भोजनदान असते. भंतेजींचे प्रवचन सुरू होते तेव्हा पहिल्या चार रांगांत पांढरे शर्ट घातलेले आम्ही पुरुष असतो आणि आमच्या उपासिका मागच्या पत्र्याच्या खोलीत भात, वरण, खीर यांच्या वाफेत असतात. प्रवचन त्यांना ऐकू येते ते पातेल्यांच्या आवाजातून. समतेवर आपण व्यासपीठावरून तासभर बोलतो आणि ज्यांनी ऐकायचे त्या कांदा चिरत असतात. आमच्या विहारात गेल्या आषाढी पौर्णिमेला आम्ही ठरवले की ही पालकाची भाजी पुरुषांनीच करायची. काही ज्येष्ठांनी कुरकुर केली. पालक निवडायला बसल्यावर एकाने देठासकट अर्धी जुडी टाकून दिली, दुसऱ्याने ती उचलून परत आणली. तीळ वाटायला मात्र तरुणांत चढाओढ लागली. आत प्रवचन चालू होते आणि समोरच्या रांगा साड्यांनी भरल्या होत्या. एक आजी प्रवचन संपल्यावर म्हणाल्या, "आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं."

ज्या विहारांना करायची असेल त्यांच्यासाठी पन्नास माणसांचा हिशेब देतो. बाजारातून पालक पाच किलो आणावा, निवडून साडेतीन किलो हाती लागतो. तीळ साडेतीनशे ग्रॅम, साखर शंभर ग्रॅम, पातळ सोया सॉसची दोनशे मिलिलिटरची एक बाटली. पालक एकदम उकळू नये, पाणी थंड पडते. सहा-सात घाण्यांत उकळावा. थंड पाण्याचे दोन टोप शेजारी हवेत आणि पिळायला दणकट हातांचे किमान चार जण. तीळ आदल्या रात्री भाजून ठेवले तर चालतात, वाटावेत मात्र त्याच दिवशी. आणि पंगत बसल्याचा निरोप येईपर्यंत वाटण भाजीला लावू नये.